भोपळ्याची राखण

माझ्यासारखा राखणदार कर्जत-खालापूर दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाय. आमच्या शेतातलं भात रानडुकरांनी लागोपाठ तीन सालं खाल्लं, ते मी राखणीला बसलेलो असतानाच.

शेजारचा तुक्या म्हणतो, डुकरांना माझं शेत अंधारात बरोबर सापडायचं, कारण ती माझ्या घोरण्याच्या आवाजावर यायची. तुक्याचं काय ऐकू नका. त्याचं शेत माझ्या बांधाला लागून हाय, अन् त्याचं पण भात डुकरांनी खाल्लंय. तो जागा होता. म्हणजे जागं राहून बी काय उपयोग झाला ते बघा.

मी सुदाम. राहायला पोशीरला. थोडी शेती, अन् बाकी धंदा रंगकामाचा. घरं, फार्महाऊस, गेट, कंपाऊंड, काय असंल ते. शाळेचं म्हणाल तर आमच्या गावच्या शाळेच्या भिंती मी आतनं-बाहेरनं रंगवल्यात, वर चढून कौलं परतलीत. फक्त खाली बाकावर बसायचा योग आला नाय.

पण माझी पोरगी प्रज्ञा मुंबईला सरकारी आर्ट कॉलेजात शिकते. तिला प्रवेश मिळाला तेव्हा मी गावात सांगत सुटलो, "पोरीनं बापाचाच धंदा उचलला. मी भिंतीवर मारतो, ती कागदावर मारणार." प्रज्ञानं मला बाजूला घेतलं अन् म्हणाली, "आप्पा, कॉलेजात आलात तर असं बोलू नका." मी म्हणलं, "का गं, तिथं मोठा ब्रश चालत नाय का?" ती लहानपणापासून माझ्या विनोदावर काय बोलत नाय.

तर गेल्या सुट्टीत ती घरी आली ती अभ्यास घेऊन. आता अभ्यास म्हणजे आमाला वाटलं, पुस्तक उघडंल, पाठ करंल. तिनं काय केलं, ओटीवरची खिडकी उघडली, तिच्याखाली पाट मांडला, अन् घरातली एकेक वस्तू उचलून आणून त्याच्यावर ठेवायला लागली. माझ्या आईचा जुना पितळी हंडा. मांडवावरनं उतरवलेला भोपळा. सुपात सुके बोंबील. अन् मागं दोन खिळे ठोकून माझ्या आईचंच जुनं निळं लुगडं, असं चुण्या पाडून सोडलेलं.

मी म्हणलं, "लगीन हाय का कोणाचं?"

"स्टिल लाईफ हाय, आप्पा. वस्तू मांडायच्या अन् समोर बसून हुबेहूब काढायच्या. सरांनी सांगितलंय, बाजारातनं काय आणायचं नाय, स्वतःच्या घरातल्या वस्तू पायजेत."

"मग मोबाईलवर फोटो काढून ठेव. सुट्टीभर कशाला मांडून बसतेस?"

"फोटोवरनं काढलेलं सर घेत नायत. फोटोत सावल्या काळ्या पडतात, ते लगेच ओळखतात."

मग तिनं खडू घेतला अन् हंड्याभोवती, भोपळ्याभोवती, सुपाभोवती रिंगणं मारली. पोलीस मारतात ना ॲक्सिडेंट झाला की, तशी. ती कशाला, तर वस्तू चुकून हलली तर परत बरोबर जागेवर ठेवता यावी.

"यातलं काय हलवायचं नाय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"चित्र होईस्तोवर."

"पाणी भरायला हंडा लागला तर?"

"नळ हाय ना."

"भोपळा शिजवायचा झाला तर?"

"चित्र झाल्यावर."

"तोवर टिकंल?"

"टिकंल. माणसांनी टिकू दिला तर."

हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती. मी मांजराकडं बघितलं.

आता गोष्ट काय होती, ती पण सांगतो. प्रज्ञा आजारी पडली होती, तेव्हा तिचं कॉलेजातलं एक काम जमा करायचं राहिलं होतं. सरांनी तिला सांगितलेलं, सुट्टीतलं हे चित्र सोमवारी आलं तर तुझी टर्म भरली. नाय आलं तर परीक्षेला बसता येणार नाय, म्हणजे वर्ष गेलं. त्यामुळं पोरगी सकाळी चहा पण पाटासमोर बसून घ्यायची. उजेड सकाळचाच पायजे, कारण ऊन सरकलं की सावली सरकते. म्हणजे सकाळी दोन-तीन तास काम, अन् मग दिवसभर ते सगळं तसंच ठेवायचं. दिवसभर कोण राखणार?

मी म्हणलं, "मी हाय ना."

मी रिकामाच होतो. एका फार्महाऊसला रंग मारताना शिडीवरनं पडून माझा पाय मुरगळला होता. (लोकं सांगतात शिडी पडली. शिडी नाय पडली. शिडी आपल्या जागी उभी होती, मी एकटाच पडलो.) पायाला पट्टी बांधून मी दिवसभर ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर स्टूलवर पाय. खिडकी बरोबर समोर. राखणीला यापेक्षा चांगली जागा असते का?

आमची बायको वंदना, शाळेत पोरांचं जेवण बनवायला जाते. ती पदर खोचत बाहेर आली. "कोण राखणार? तुमी?"

"हां."

"मग मी भोपळ्याला आत्ताच टाटा करून जाते."

पहिल्याच दुपारी मांजरानं बोंबील नेला. एकच नेला, पण नेमका वरचा. मी डोळा मिटला होता, झोपलो नव्हतो. (डोळा मिटणं वेगळं अन् झोपणं वेगळं, हे वंदनाला इतक्या वर्षांत पटलेलं नाय.) मी काय केलं, लंगडत आत गेलो, डब्यातनं दुसरा बोंबील काढला अन् सुपात ठेवला. बोंबील तो बोंबील. त्याला काय आधार कार्ड असतं?

सकाळी प्रज्ञा ब्रश घेऊन बसली अन् तशीच थांबली.

"आप्पा, हा बोंबील बदललाय."

"नाय गं."

"कालचा डावीकडं बघत होता."

"सुकलेला बोंबील कुठं बघतो?"

"कालचा डावीकडं बघत होता," तिनं परत सांगितलं, अन् कागदावर दाखवला. खरंच डावीकडं बघत होता. अन् असा काढला होता की मला भाकरीची आठवण झाली.

मी कबूल केलं. तिनं बोंबील पुसला अन् नव्यानं काढला. रागावली नाय. फक्त म्हणाली, "आता हंडा अन् भोपळा राहिलाय. ते तरी नीट बघा." अन् मग हंडा दाखवला. "हा उगाच नाय घेतला मी. बघा, इथं गळ्याला काळा पडलाय, घडीत हिरवा झालाय, अन् इथं पोटावर एकाच बाजूला उजळ हाय. का सांगा?"

"का?"

"आजी कंबरेवर घ्यायची ना. तिथं तिचं लुगडं घासून घासून उजळ राहिलाय. बाकी सगळं काळं. कालची निम्मी सकाळ मी हेच काढत होते, अजून जमत नाय."

मी त्या हंड्यातलं पाणी पिऊन मोठा झालो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी मात्र दिसलं. मी म्हणलं, "पोरी, या हंड्याला मी आता जिवापलीकडं जपतो."

दुसऱ्या दिवशी आक्का आली.

आक्का माझी थोरली बहीण, लोधिवलीला दिलेली. माझ्या पायाचं ऐकून बघायला आली. प्रज्ञा सकाळचं काम उरकून नेरळला कागद आणायला गेली होती, वंदना शाळेत. आक्कानं पिशवी ठेवली, "जयभीम" केला, माझा पाय दाबून बघितला (दुखत नव्हता तिथं पण दुखायला लागलं) अन् इकडंतिकडं बघायला लागली. आक्काची एक सवय हाय. तिला रिकामं बसता येत नाय. लोकांच्या दारात गेली तरी अंगण झाडून येते. एकदा दवाखान्यात डॉक्टरची वाट बघता बघता तिनं तिथला पंखा पुसला होता.

मी आधीच सांगून ठेवलं, "आक्का, खिडकीतल्याला हात लावू नको. पोरीचा अभ्यास हाय."

"भोपळ्याचा?"

"भोपळ्याचा, हंड्याचा, सगळ्याचा. काढून कॉलेजात न्यायचंय."

"हंडा काढणार, अन् असा? अरं हे काळं बघ. आईचा हंडा हाय हा. मुंबईची लोकं बघतील, म्हणतील यांच्या घरात भांडं घासत नायत."

"म्हणू दे. तू बस."

"बसते," आक्का म्हणाली. अन् खरंच बसली. मी मनात म्हणलं, चला, जमलं. अन् डोळा मिटला.

मला जाग आली ती वासानं. तेलात काय तरी फुगत होतं, गुळाचा वास होता, वेलचीचा होता. डोळे उघडायच्या आधी माझ्या हातात ताटली आली. घाऱ्या! गरम, फुगलेल्या, कडेनं लालसर. मी पहिली खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाता खाता म्हणलं, "आक्का, तुझ्या हाताला आईची चव हाय."

"अजून घे. भाजी पण टाकलीय."

"भाजी कसली?"

"भोपळ्याचीच. एवढा मोठा भोपळा, घाऱ्यांत किती जाणार?"

माझा घास तोंडात तसाच राहिला. मी हळूच खिडकीकडं बघितलं. भोपळ्याचं रिंगण होतं. भोपळा नव्हता.

"आक्का, तो भोपळा—"

"तो काय, खिडकीत उगाच पडला होता. म्हणलं ऊन लागून नासंल."

"मी सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून?"

"तू सांगितलंस पोरीला काढायचाय. दोन दिवस झाले म्हणलास काढतेय. एक भोपळा काढायला किती वेळ लागतो रं? मला वाटलं झाला असंल."

मी चौथी घारी खाली ठेवली. (नंतर खाल्ली. टाकून कशी द्यायची?) अन् मग मला खिडकीत एक माणूस दिसला. डोक्याचे केस उभे, तोंडाला तेल, डोळे फाटलेले. मी घाबरून मागं सरकलो, तर तो पण सरकला. तो मी होतो. हंड्यात दिसत होतो. आक्कानं हंडा चिंच-मीठ लावून असा घासला होता की त्यात बघून दाढी करावी. गळ्याचं काळं गेलं, घडीतलं हिरवं गेलं, अन् आईच्या कंबरेची उजळ जागा आता शोधून सापडत नव्हती, कारण सगळाच हंडा उजळ झाला होता.

आक्का पदरानं हात पुसत म्हणाली, "बघ. आता कसा दिसतो."

आता सांगा, मी काय करावं? पोरगी तासाभरात येणार. मी म्हणलं, आपण रंगकामातली माणसं. भिंतीला भेग पडली तर भिंत पाडत नायत, भेगेत लांबी-पुट्टी भरतात. आधी भोपळा.

लंगडत तुक्याकडं गेलो. तुक्या दारात विळ्याला धार लावत बसला होता.

"तुक्या, भोपळा दे."

"आधी बस तरी. पाय बघू."

"पाय सोड. भोपळा हाय का?"

"हाय एक. पण एवढी काय घाई? पाहुणे आलेत काय?"

"पाहुण्यांनीच खाल्लाय. अन् मी."

सगळं सांगितलं तसा तो विळा बाजूला ठेवून हसत बसला. मग म्हणाला, "तू राखणीला होतास?"

"हां."

"मग डुकरं भोपळा पण खातात वाटतं आता."

त्याचा भोपळा आमच्या भोपळ्याचा लांबचा नातेवाईक पण वाटत नव्हता. आमचा लांबट, हिरवा, वर राखेसारखे पांढरट पट्टे. याचा गोल, चपटा अन् भगवा. पण मी म्हणलं, आकाराचं सोड, रंग तर आपल्या हातात हाय. घरी आलो, फार्महाऊसच्या गेटचा उरलेला हिरवा ऑइलपेंट काढला अन् भोपळ्याला एक हात मारला. झाकला नाय, भगवा खालनं दिसत होता, म्हणून दुसरा हात मारला. वरनं पांढऱ्या डिस्टेंपरचे पट्टे ओढले. खोटं नाय सांगत, लांबनं बघितला तर गेटाच्या खांबावर बसवावा असा दिसत होता.

मग हंडा. मागं न्हाणीजवळ पाणी तापवायची चूल हाय, तिच्यात पेंढा अन् नारळाच्या शेंड्या पेटवल्या, वर हंडा उपडा धरला. म्हणलं गळा काळा करू, पोटाला एका बाजूनं जागा सोडू. पण धुराला कोण सांगणार कुठं थांब म्हणून? हंडा काढला तर तव्यासारखा. त्यावर माझ्या चार बोटांचे ठसे, तेवढेच उजळ. मी म्हणलं, चला, कंबर नाय तर बोटं. उजळ जागा तर झाली.

दोन्ही वस्तू घेऊन ओटीवर आलो, अन् बघतो तर मागचं लुगडं नाय! नुसते दोन खिळे.

"आक्का, लुगडं?"

आक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. डोळे लाल.

"आईचं लुगडं खिळ्याला टांगलंत तुमी? तिच्या माघारी मी तुमच्याकडं एक वस्तू मागितली नाय. म्हणलं ठेवलं असंल नीट घडी करून. अन् इथं बघते तर पडद्यासारखं."

"अगं पोरीनं चित्रासाठी—"

"मी नेणार. भोसका पडलाय खिळ्यानं, तो शिवते, अन् माझ्याकडं राहू दे."

आता आक्कापुढं मी लहानपणापासून बोललो नाय. अन् रडताना तर नायच नाय. मी आत गेलो, ट्रंक उघडली. निळं असं एकच काय ते मिळालं: प्रज्ञाच्या मामानं दिलेलं जाडं ब्लँकेट. निळं होतं, पण मधोमध वाघ होता. मी म्हणलं, चुण्या पाडल्या तर वाघ चुण्यांत जाईल. खिळ्याला टांगलं. वाघाचं अंग चुण्यांत गेलं. तोंड बाहेर राहिलं. बरोबर भोपळ्याच्या मागं.

भोपळा रिंगणात ठेवला. गोल भोपळा लांबट रिंगणात मावेना, म्हणून रिंगण पुसून नवीन मारलं. अन् खुर्चीत येऊन बसलो. इतकी वर्षं मी लोकांना सांगतोय की ऑइलपेंट सुकायला रात्रभर लागते, हात लावू नका. ते त्या दिवशी नेमकं डोक्यातनं गेलं. ब्लँकेट जड, ते सरकलं, वाघाचं तोंड भोपळ्याला टेकलं. काढलं तर वाघाची जीभ हिरवी अन् भोपळ्याला केस.

तेवढ्यात प्रज्ञा आली.

ती दारातच थांबली. कागदाची गुंडाळी काखेत. तिनं हंडा बघितला. भोपळा बघितला. वाघाकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग माझ्या हातांकडं, एक हिरवा होता अन् एक काळा. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

ती उंबऱ्यावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"परवा सोमवार हाय, आप्पा," ती एवढंच म्हणाली.

"आठवणीनं काढ ना," मी म्हणलं. "तुला तर बोंबील कुठं बघत होता ते पण आठवतं."

"बोंबील आठवतो. हंड्यावरचा उजेड आठवत नाय. तो बघावाच लागतो."

आक्का आतनं ताटली घेऊन आली. "काय झालं गं? घे, घारी खा. भोपळाच होता ना? मी लोधिवलीवरनं दुसरा पाठवते."

वंदना शाळेतनं आली, तिला एका नजरेत सगळं कळलं. तिनं मला विचारलं, "तुमी कुठं होता?"

"इथंच."

"खुर्चीत?"

"खुर्चीत. उठलो पण नाय." उठलो होतो, पण ते नंतर.

आक्काला मग सगळं नीट समजावलं. पोरीचं वर्ष जाणार म्हणल्यावर तिनं पिशवी उघडली. लुगडं काढून द्यायला निघाली. प्रज्ञा म्हणाली, "राहू दे आत्या. तुमचंच हाय ते. हंडा तर आता तसा होणार नाय." त्यावर आक्का हंडा मागं घेऊन गेली अन् माझी काजळी घासायला बसली. रडत पण होती अन् घासत पण होती.

रविवारी सकाळी प्रज्ञा लवकर उठली. मी म्हणलं, आज ही माझ्याशी बोलणार नाय. तर ती म्हणाली, "आप्पा, खुर्चीत बसा. राखणीला."

"आता काय राखायचं? सुपातले उरलेले बोंबील पण रात्री मांजरानं संपवले. पाटावर नुसती रिंगणं हायत."

"तीच राखा."

आक्कानं नाष्ट्याला उरलेली घारी हातात दिली. मी पाय स्टूलवर ठेवला. मनात ठरवलं, आज डोळ्याला डोळा लावायचा नाय. काय झालं तरी. पोरीनं परत विश्वास टाकलाय. खिडकीतनं कोवळं ऊन येत होतं, मांजर कुठं दिसत नव्हतं, आक्का पण मागं होती...

जाग आली तेव्हा ऊन पार उंबऱ्याच्या बाहेर गेलं होतं. अर्धी खाल्लेली घारी हातात तशीच. प्रज्ञा आपलं सामान आवरत होती. माझ्या खुर्चीच्या चारी पायांना अन् स्टूलाला खडूची रिंगणं मारलेली. मी म्हणलं, मुंग्यांचा खडू मारला असंल. घारीमुळं मुंग्या लागतात. पोरगी रागावली तरी बापाची काळजी हाय.

"काय काढलंस?" मी विचारलं.

"उद्या बघा. बोर्ड धरायला तुमालाच यायचंय."

सोमवारी मी तिच्याबरोबर मुंबईला कॉलेजात गेलो. मोठा हॉल, छतापर्यंत खिडक्या, अन् सगळीकडं पोरंपोरी. कोणाच्या पॅण्टला रंग, कोणाच्या केसाला रंग. मी माझ्या कामावरच्या शर्टात होतो, तर कोणी वळून पण बघितलं नाय. एकानं तर मला विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या वर्षाला?" मी म्हणलं, "पहिलंच चाललंय, बरीच वर्षं." प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला जाऊन उभा राहिलो.

सर आले. उंच, बारीक, चष्मा कपाळावर. एकेकाचं चित्र बघत, कोणाला "परत करा" म्हणत, प्रज्ञापाशी आले. तिनं बोर्डावरचा कागद काढला.

चित्रात मी होतो.

प्लास्टिकची खुर्ची, मान मागं टाकलेली, तोंड उघडं, एक दात नाय तो नायच दाखवलेला. पट्टीचा पाय स्टूलवर. हातातली अर्धी घारी आता पडते की मग पडते अशी. अन् माझ्यापुढं पाटावर खडूची रिकामी रिंगणं, त्यावर सकाळचा उजेड. खुर्चीखाली पण रिंगण. म्हणजे तो मुंग्यांचा खडू नव्हता.

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "विषय काय दिला होता?"

"घरातल्या वस्तू, सर."

"सुट्टीआधी दिलेल्या आराखड्यात तू हंडा, भोपळा दाखवला होतास. कुठाय भोपळा?"

"खाल्ला, सर."

"हंडा?"

"घासला."

"मागचं कापड?"

"आत्या घेऊन गेली."

"मासे?"

"मांजरानं."

पोरं हसायला लागली. सर हसले नाय. पोरीचं वर्ष त्या कागदावर होतं, अन् कागदावर मी घोरत होतो.

"मग हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"सर, घरातलं सगळं हललं. जागचं न हललेलं एवढंच उरलं होतं."

सरांनी परत बघितलं. लांबनं बघितलं, जवळ येऊन बघितलं. मग खिशातनं पेन काढलं, कागद उलटा केला अन् मागं सही ठोकली. "जमा करून घे. टर्म भरली तुझी."

माझ्या जिवात जीव आला. अन् जीव आला की माझं तोंड गप बसत नाय, पण त्याआधी सरच बोलले. सगळ्या पोरांना जवळ बोलावलं. "हा हात बघा. बोटं कशी सैल सुटलीत. ही मान बघा, कुठं ताण नाही. आपण इथं मॉडेल बसवतो, ती घटकाभरात चुळबुळ करतात. हा माणूस तीन तास हललेला नाही. कोण आहेत हे?"

मी भिंत सोडून पुढं झालो. शर्ट खाली ओढला, केसांवरनं हात फिरवला. म्हणलं, "मी, सर. मीच बसलो होतो."

सरांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं अन् मान डोलावली. "उत्तम बसलात हो. कमाल आहे."

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. प्रज्ञा बोर्डाचे चिमटे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली,

"सर, ते बसले नव्हते. राखण करत होते."